मुंबईचं तेल

आईच्या हृदयाच्या शिरेत जाळी बसवल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, तेल कमी करा, खोबऱ्याचं वाटण कमी करा, तळलेले मासे बंद. गोळ्या वेळेवर, रोज थोडं चालणं, आणि घालायचंच झालं तर चमचाभर ऑलिव्ह ऑइल घाला. आई मान डोलवत होती. देवरूखजवळच्या आमच्या गावात तिने जन्मभर मान डोलवली आणि मनाला येईल तेच केलं, हे मला ठाऊक होतं. तरी मी निर्धास्त झाले.

कारण भाऊ. तो मुंबईत नोकरीला. गावी येणाऱ्या कुणाच्याही हाती तो तेलाची हिरवी बाटली धाडायचा. आई तिला मुंबईचं तेल म्हणायची. मी सासरहून फोन केला की पहिला प्रश्न बाटलीचाच असे.

"संपत आली गो बाय. त्याला सांग, दुसरी धाड."

बाटली संपते म्हणजे आई खाते, असा आमचा सरळ हिशेब. भाऊ खूश, मी खूश. शेजारणीपुढे मी मिरवलंसुद्धा, आमची आई कशी पथ्य पाळते बघा.

सुगी आटोपल्यावर, एका सकाळी अंगण सारवता सारवता आई बसली ती उठलीच नाही. मला फार राग आला. देवाचा, डॉक्टरांचा, त्या जाळीचा. एवढं पथ्य पाळून असं होतं, तर मग पाळायचं तरी कशाला, असं मी दिवसकार्याला आलेल्या सगळ्यांना ऐकवलं.

महिन्याभराने बाबांना भोवळ आली. मी त्यांना रत्नागिरीला तपासायला नेलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. मी पदराचं टोक पिळत बसले होते.

"काका, हृदय उत्तम आहे. जेवत नाही आहात, म्हणून अशक्तपणा आलाय. तेल कुठलं खाता?"

"मुंबईचं," बाबा म्हणाले. "माझ्या भाजीत तिने दुसरा घातलाच नाय कधी."

"तुमच्या भाजीत? अहो बाबा, ते तेल तिच्यासाठी होतं!"

"मी सांगायचो की तिला, तूच खा. ती म्हणायची, एकटीच्या जिवासाठी येगळा टोप कशाला? तुमच्या भाजीत घालते, त्यातलीच मी पण खाते."

"मग खायची का?"

बाबा उठून चपला शोधू लागले. डॉक्टरही कागदात बघू लागले.

उत्तर मला बाहेर येता येताच सुचलं. आमच्याकडे बाई सगळ्यांच्या मागून जेवते. चांगलं असेल ते आधी ह्यांच्या ताटात. भाजी उरली तर तिची. नाहीतर कालची खोबऱ्याची आमटी आहेच, ती कोण टाकणार? परत परत उकळून तिच्यावर तवंग यायचा. तसलीच ती भाताबरोबर ओरपायची. लहानपणापासून हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. सासरी मीही तेच करते. तेल कुणाच्या पोटात जातं, हे विचारावंसंसुद्धा वाटलं नाही.

तेलानेच ती वाचली असती असं नाही. तेवढं मला कळतं. पण तिच्या वाट्याचं तिला मिळालं नाही, हे मनातून जात नाही.

घरी आल्यावर मी पडवळाची भाजी केली. फडताळात अर्धी बाटली होती, त्यातलंच तेल घातलं आणि बाबांना वाढलं. त्यांनी घास उचलला आणि तसाच परत ठेवला. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"आदी तू जेव."

"मी मागून बसते बाबा."

"नको!" ते एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले. "इतकी वर्सं ती माझ्या मागून जेवली गो. तिच्या ताटात काय असायचा, मी कधी वळून बघितला नाय."

मी माझं ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघंही रडत रडत जेवलो. भाजी चांगली झाली होती.