साडू, बाटली आणि फिल्टर

काळजी करण्यात आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस वाईपासून हरिपूरपर्यंत कृष्णाकाठी सापडायचा नाही. इतर माणसं काही बिघडलं की काळजी करतात, हे गृहस्थ सगळं सुरळीत चाललं की अस्वस्थ होतात. मी साताऱ्याचा निवृत्त मास्तर आणि ते सांगलीकर. मिरजेजवळच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत इंजेक्शनं तपासण्याची त्यांची नोकरी. त्या कामाची त्यांनी मला इतकी शिकवणी दिली आहे की आता मी ती तुम्हाला देऊ शकतो. पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्याचं, औषध फार नाजूक. बाटलीच्या काचेला चिकटतं, गुठळ्या धरतं, म्हणून त्यात साबणाच्या जातीचा सर्फॅक्टंट कणभर घालायचा. त्याच बाटलीत पुन्हा पुन्हा सुई जाणार, तेव्हा जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं. आणि या दोघांचं एकमेकांशी पटतं का, हे बाटल्या चाळीस डिग्रीच्या उबेत ठेवून महिनोन् महिने मोजत बसायचं. "दोगंबी गुनाचीच, पाव्हणं," ते म्हणतात, "पर एका बाटलीत नांदली पायजेत. न्हाई पटलं तर समदं गढूळ."

हे तत्त्वज्ञान कारखान्याच्या दाराशी थांबलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, मुलगा सर्वांना पसंत पडला, आणि साडूंनी पोह्यांची बशी खाली ठेवून मुलाच्या वडिलांना सांगितलं, "घाई नगं. दोगास्नी सा म्हैनं चाळीस डिग्रीत ठिवून बघायला पायजे." मुलाचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले, त्यांना हा राजस्थानातल्या बदलीचा विषय वाटला. लग्न झालं म्हणा, पण माझ्या जिवाला घोर लागला होता. घरी आमटीसुद्धा हे उजेडाकडे धरून बघतात. रसवंतीवर गेलो की "पहिला अर्धा गिलास ओतून टाका" असा हुकूम सोडतात, कारण प्रयोगशाळेत नमुना गाळताना पहिले थेंब टाकून द्यायचे असतात. कोरा फिल्टर त्या थेंबांतला सर्फॅक्टंट स्वतःच पिऊन बसतो आणि आकडा खोटा, कमी येतो. रसवाल्याला हे विज्ञान पटलेलं नाही. आम्हाला बघितलं की तो हल्ली चरक थांबवतो.

गेल्या उन्हाळ्यात मी सांगलीला गेलो तेव्हा मात्र साडू आमटीकडे बघतही नव्हते. मेहुणी म्हणाली, "दाजी, दोन दिस झालं, पोटात अन्न न्हाई ह्यांच्या." गच्चीवर नेऊन मी विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं. त्यांच्या कारखान्यातल्या एका बाईंनी तीन वर्षं खपून एक नवं इंजेक्शन जुळवलं होतं. साडू त्यातला सर्फॅक्टंट दर महिन्याला मोजत. तिसऱ्या महिन्यापासून आकडा कमी यायला लागला. प्रिझर्व्हेटिव्ह सर्फॅक्टंटला खातंय, असा निष्कर्ष निघाला आणि बाईंचं औषध आठवड्याभरात बंद करायचं ठरलं. पण बाटल्या निवळशंख, गढूळपणाचा पत्ता नाही. हेच साडूंना खुपत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, तिसऱ्या महिन्यापासून फिल्टर नव्या जातीचे आले होते. ते जास्त पितात. साडू मात्र जुन्या हिशोबानेच चार थेंब टाकत राहिले. बाईंच्या औषधात काही खोट नव्हती. चुकले होते साडू.

"कुनालाच ठावं न्हाई," ते म्हणाले. "सांगितलं तर तीस वर्सांची अब्रू जाती. न्हाई सांगितलं तर त्या बाईंचं औषध जातंय. काय करू?"

आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला मी मास्तर. मी म्हणालो, "गप्प बसा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

ते जिना उतरून खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "पाव्हणं, गेटापतूर येता?" मी मोटारसायकलवर मागे बसून गेलो आणि समोरच्या टपरीवर थांबलो. तीन चहा झाले. चौथा चहा मी हातातच धरून बसलो. दुपारी दोनला ते बाहेर आले, बाकावर बसले आणि कपाळ पुसत म्हणाले, "सांगितलं. साहेब लय बोललं. बाईंनी पान्याचा गिलास दिला आन् म्हनल्या, सर, आदी बसा."

नमुने नव्याने तपासले, आकडा बरोबर आला. बाईंचं इंजेक्शन पुढच्या पायरीला गेलं. साडूंना प्रयोगशाळेतून काढून कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकी नाही. मला ते फार लागलं. त्यांना विचारलं तर म्हणतात, "बरं हाय."

घरात ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. जेवताना कोणी ना कोणी विषय काढतं आणि साडू आपल्या चुकीपासून साहेबांच्या शिव्यांपर्यंत सगळं सांगतात. गच्चीवर मात्र त्यांच्या गोष्टीत ते एकटेच असतात. मी काय सल्ला दिला होता, हे त्यांनी अजून माझ्या बायकोलाही कळू दिलेलं नाही.