खंडेनवमीच्या पूजेतली बंदूक

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर वेडंवाकडं आहेच. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण त्या दुपारचा विषय निघाला की अजून माझा हात आपोआप डाव्या डोळ्याकडे जातो, म्हणून एकदा लिहून ठेवते.

मी पोलीस अधिकारी नव्हते, होमगार्ड होते. आमच्या वेळी चौथी पास चालायचं. अंबाबाईच्या देवळातली रांग, गणपतीची मिरवणूक असे बंदोबस्त असायचे. ठाण्यात महिला पोलीस कमी पडल्या की आम्हाला बोलवायचे. बाईची झडती घ्यायची, बाई आरोपी असली तर तिच्याजवळ बसायचं, एवढंच काम. चार लोकांत माझा आवाजच निघायचा नाही. त्यामुळे मी कोपऱ्यात उभी राहून बघायची. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ठाण्यात सरावलेला माणूस आल्याबरोबर बसायला जागा शोधतो. ज्यानं काही केलेलं नसतं तो सांगितलं तरी बसत नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला माझी नेमणूक ठाण्यात होती. सकाळी रायफलींना हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. महिला पोलीस सगळ्या देवळाकडे गेलेल्या. दुपारी ठाण्याच्या साहेबांनी मला आत बोलावलं. मंगळवार पेठेतल्या एका माणसानं त्यांच्या मोबाईलवर फोटो पाठवला होता. त्याच्या गल्लीतल्या एका तरुणानं तो सकाळी स्टेटसला ठेवलेला. पाटावर तलवार, कोयता, मोठा पाना, आणि मधोमध एक काळंभोर पिस्तूल. त्याच्यावर कुंकवाची दोन बोटं ओढलेली.

हवालदारांनी फोटो मोठा करून बघितला. ते आमच्याच भागातले, शेतकरी घरातले. म्हणाले, "साहेब, ह्यो गावठी कट्टा न्हाई. चांगल्या कंपनीचा माल दिसतोय."

त्याच महिन्यात शहरात पोरांकडे गावठी कट्टे सापडले होते. सगळे अधिकारी ताणाखाली होते. साहेबांनी स्टेशन डायरीत नोंद केली, पंच बोलावले, आपलं पिस्तूल काढून तपासलं आणि परत कमरेला लावलं. मग मला म्हणाले, "ताई, घरात बायका असणार. दार तुम्ही उघडून घ्यायचं." नाही म्हणायचं धाडस मला नव्हतं.

गल्लीत सण होता. मोटारसायकली धुऊन, हार घालून उभ्या केल्या होत्या. आमची जीप बघून पायरी धुणारी एक बाई हवालदारांना म्हणाली, "काय ओ हवालदार, तुमच्या गाडीला लिंबूबी न्हाई? पूजा चुकवली व्हय?" एरवी हवालदारांनी तिला सवाई उत्तर दिलं असतं. ते तसेच पुढं गेले, तेव्हा माझी भीती वाढली.

दार सुनेनं उघडलं. वयानं लहान, हाताला पीठ. पोलीस म्हटल्यावर तिचा चेहरा पांढरा झाला. देवापुढच्या पाटावर तलवार होती, कोयता होता, पाना होता. मधली जागा रिकामी होती. भोवती नुसत्या अक्षता पडलेल्या.

साहेबांनी विचारलं, "इथलं पिस्तूल कुठाय?"

तिची नजर छताकडे गेली. "मामंजी वर हायती," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिला पुढं काही सांगायचं होतं, पण साहेब जिन्याकडे वळले होते. हवालदार पळवाट अडवायला मागच्या बोळात गेलेले, शिपाई पंचांना घेऊन दारात. साहेबांच्या मागे जिन्यावर मी एकटीच राहिले.

गच्चीवर जोंधळा वाळत घातला होता. एक म्हातारा आमच्याकडे पाठ करून उभा होता. अंगात बंडी, डोक्याला टोपी, हातात ते पिस्तूल. साहेब ओरडले, "पोलीस! हातातलं खाली टाका!" तो वळला नाही. साहेब पुन्हा ओरडले. तो हललाही नाही. मुद्दाम ऐकत नाही असंच वाटावं असं ते उभं राहणं होतं. साहेबांचं पिस्तूल दोन्ही हातांत आलं.

तेवढ्यात जोंधळ्यावरची कबुतरं फडफडून उडाली आणि म्हातारा वळला. हात तसाच पुढं ताणलेला. पिस्तुलाची नळी सरळ आमच्याकडे.

साहेबांचं बोट वाकताना मी बघितलं. ते बोट अजून माझ्या स्वप्नात येतं. खालून सून ओरडली, "बहिरं हायती ओ! मामंजी बहिरं हायती!" आणि टक् असा बारीक आवाज झाला. काटकी मोडल्यासारखा. माझ्या डाव्या भुवईखाली काहीतरी आगीसारखं लागलं. मी जिन्यावर खाली बसले. गोळी लागली, संपलं, आता माझ्या पोरीला कोण सांगणार, एवढंच मनात आलं. डोळ्यावर हात ठेवला तर ओलं लागलं. हात काढला तरी त्या डोळ्यापुढे अंधार.

साहेबांनी गोळी झाडली नाही. का झाडली नाही, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. आवाज खऱ्या पिस्तुलाचा नाही हे कानानं ओळखलं असेल किंवा सुनेचं ओरडणं ऐकू आलं असेल. म्हातारा स्वतःच पिस्तूल टाकून माझ्याकडे आला आणि बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्यानं म्हणाला, "आगं बया, लागलं व्हय? कबुतरं हाकलत हुतो की मी." पायरीवर एक पांढरी प्लास्टिकची गोळी घरंगळत होती. हरभऱ्यापेक्षाही लहान.

डोळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आत रक्त साकळलंय, नजर राहते की जाते ते आत्ता सांगता येणार नाही. पट्टी बांधून मला जबाबासाठी ठाण्यात आणलं. मला एका डोळ्यानं सगळं ठाणं वाकडं दिसत होतं. बाकावर म्हातारा बसला होता, शेजारी सून. स्टेटस ठेवणाऱ्या त्याच्या मुलाला कागलच्या एमआयडीसीतून, कामावरून आणलं होतं. त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

साहेबांनी ते पिस्तूल टेबलावर ठेवलं. एअरसॉफ्ट गन म्हणतात त्याला. आकार, वजन सगळं खऱ्यासारखं, आत स्प्रिंग आणि प्लास्टिकच्या गोळ्या. साहेब म्हणाले, "ह्याच्या तोंडाला नारंगी कडं असतं. लांबून बघणाऱ्याला खेळातलं आहे हे कळावं म्हणून. हे काळं आहे, आणि रंग ताजा आहे. कुणाला घाबरवायला रंगवलं?"

मुलानं त्या कड्याकडे बघितलं. मग एकदाच, चोरून, बाकावरच्या बापाकडे. मग म्हणाला, "मीच रंगवलं साहेब."

"कधी?"

"परवा."

"कसला रंग? डबा कुठाय?"

त्याला सांगता येईना. एकदा बुटाचं पॉलिश म्हणाला, एकदा स्प्रे म्हणाला. साहेबांचा आवाज चढत गेला. बंदोबस्तावरच्या बाईचा डोळा जायची पाळी आली होती. लोकांना घाबरवायला रंग दिला असं निघालं असतं तर बापलेकांपैकी एकाला आत जावंच लागलं असतं. मुलगा गेला तर कंपनीतली नोकरी गेली. बाप गेला तर त्या वयात तो परत आला नसता. सुनेनं माझा हात घट्ट धरला होता. एकाएकी तिनं हात सोडला, पदर डोक्यावर घेतला आणि उठून सासऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ठाणं ऐकेल अशी ओरडली, "मामंजी, त्या बंदुकीचं त्वांड कुणी रंगवलं?"

म्हातारा म्हणाला, "मी की."

आणि तो पुढं सांगायला लागला. "कोयत्याची मूठ रंगवली, पान्याला हात मारला, म्हटलं ह्येचंबी त्वांड काळं करावं. देवाफुडं ठेवायचं आन नारंगी?" मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघत त्यानं विचारलं, "का? रंग उडला व्हय?"

हवालदार भिंतीकडे वळले, त्यांचे खांदे हलत होते. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं घासून, तेल लावून, रंगवून ठेवतातच. म्हातारा बहिरा म्हणून तोवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. शिपायाला घरी पाठवलं. कोयत्याची मूठ, पाना, गेटला मारून उरलेल्या रंगाचा डबा, सगळं जुळलं. पंचनामा झाला.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पाणी मागवलं. पेला दाताला लागून वाजला तो मला ऐकू आला. मग त्यांनी मुलाकडून सगळं काढून घेतलं. कंपनीतली पोरं रविवारी मलकापूरच्या बाजूला एका माळावर अशा बंदुकांनी लुटुपुटूच्या लढाईचा खेळ खेळायची. तिथं जाड चष्मा घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. खेळ संपला की गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, नळी रिकामी झाली का बघायचं, बंदूक पिशवीत घालूनच रस्त्यावर यायचं. हे सगळं तो पाठ केल्यासारखं सांगत होता.

"आणि घरी?" साहेबांनी विचारलं.

"कपाटावर ठेवतो."

"भरलेली?"

त्यानं खाली बघत होकार दिला.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "ते नारंगी कडं मला दिसलं असतं तर मी पिस्तूल काढलंच नसतं. आज मी तुझ्या बापाला मारलं असतं. आणि चौकशीत मला कुणी दोषी धरलं नसतं." मुलगा तेव्हा पहिल्यांदा खाली बसला, तोही जमिनीवर.

मी जबाबात माझी तक्रार नाही असं सांगितलं. बंदूक मुद्देमालात जमा झाली. साहेबांनी सगळं वर कळवलं, समज देऊन बापलेकांना सोडलं. मुलानं त्याच दिवशी तो फोटो काढून टाकला.

पुढचे दिवस मी उशाला दोन उशा घेऊन पडून काढले. पट्टीच्या आत दिवस की रात्र कळायचं नाही. दुसराही डोळा मिटायला मी भ्यायची, कारण मिटला की ते वाकणारं बोट दिसायचं. हळूहळू नजर आली. अजून कडेला थोडं धुकं असतं.

मला ह्या प्रकरणानं एक शिकवलं. माणसं धोक्याच्या जागी सावध असतात. माळावर चष्मा घालणारा तो मुलगा काही बेफिकीर नव्हता. पण घर आलं की आपण हत्याराला घरातलं समजतो, आणि घरच्यांना त्याचे नियम सांगायचं राहून जातं. खेळातली असली तरी रिकामी करून, कुलपात ठेवावी. तिचं नारंगी तोंड झाकू नये. चारचौघांत बाहेर काढू नये, फोटोतही नको. समोर पोलीस उभा असेल तर तोही घाबरलेला असतो. हे मी त्याच्या मागे उभी राहून बघितलंय.

दवाखान्याचं बिल साहेबांनी खिशातून भरलं होतं. आम्हा होमगार्डांना दिवसाचा भत्ता, मला ते झेपलं नसतं. साहेब नको म्हणत असतानाही मुलानं ते पगारातून थोडं थोडं फेडायला घेतलं. साहेबांची बदली झाल्यावर तो पैसे माझ्याकडे आणून द्यायचा, मी पोचवायची.

शेवटचा हप्ता घेऊन म्हातारा स्वतः आला. हा माझ्या पेन्शनीतला, म्हणाला. नोटा माझ्या हातावर मोजता मोजता थांबला, माझ्या डोळ्याकडे बघून म्हणाला, "दिसतंय का?" मी मान हलवली. त्याचा विश्वास बसला नाही. माझा उजवा डोळा त्यानं मला हातानं झाकायला लावला, शेवटची नोट घेऊन चार पावलं मागं सरला आणि ती वर धरून विचारलं, "कितीची हाय?"

"शंभराची," मी म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी रस्त्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "शंभराची!"

त्यानं ती नोट माझ्या हातावर ठेवली. पैसे पूर्ण फिटले.