बारा पोत्यांची कमान

“भरल्या गाडीचं मला इचार, रिकामी गाडी माझं लोखंड वळखत न्हाई.”

गेणबा लोहार हे एकदाच म्हणाला. ऐकायला कुशाबाशिवाय कुणी नव्हतं, आणि कुशाबा तेव्हा हसला होता.

कुशाबा जीप चालवायचा. जीप लष्कराच्या लिलावातली, मालक पुण्यातला कोळशाचा व्यापारी. मुळशीच्या तळ्यापलीकडे डोंगरातल्या वाड्यांवर कोळशाच्या भट्ट्या लागत. तिथून कोळसा भरायचा आणि पौडला आणून टाकायचा. वाट बैलगाडीची. चार शिपायांसाठी केलेल्या त्या गाडीत मालक बारा पोती कोंबायला लावी. मागच्या चाकांवरच्या कमानी, एकावर एक बांधलेले ते पोलादी पाटे, भाराने पार सपाट होत. मग खड्डा आला की त्यांना आणखी दबायला जागाच उरत नसे. चाकांचा आस खालून वर येई आणि गाडीच्या सांगाड्यावर धाडकन आदळे.

“कुशा, आज कोळसा आणलास का भुकटी?” पौडच्या चहाच्या दुकानात भिकू विचारायचा.

“भुकटी. वर माझ्या मणक्याचा चुरा फुकट.”

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात तीनदा पाटे तुटले. तिसऱ्या वेळी मालकाने निरोप धाडला, की आता कमान तुटली तर गाडी विकतो. तेव्हा कुशाबा गेणबाकडे गेला.

गेणबाची भट्टी पौडच्या नदीकडच्या अंगाला होती. पन्नाशीचा माणूस, भुवया जळलेल्या, बोलणं तोलून. आयुष्य बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवण्यात आणि नांगराचे फाळ ठोकून धारेला आणण्यात गेलेलं. मोटारीत तो कधी बसलेला नव्हता. त्याची बायको गोजराबाई भाता ओढायची, आणि घण मारायची वेळ आली की पदर खोचून तीच मारायची. दोघांची एकच लेक जगली होती, जया. ती त्याच डोंगरातल्या वाडीवर दिलेली.

गेणबा सकाळभर जीपखाली उताणा पडून राहिला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, “करतो. पैसं नकोत. जयाला दिवस गेल्यात. फाल्गुनात सातवा लागंल. पयलं बाळंतपण म्हायेरी व्हाया पायजे. तितनं चालत येणं तिला जमायचं न्हाई. गाडीनं आणायची.”

“एवढंच व्हय, दादा?”

“एवढंच न्हाई ते.”

मोडीत निघालेल्या एका लॉरीचे पाटे त्याने मिळवले. तोडले, लाल केले, ऐरणीवर बाक दिला, तेलात विझवले. घण गोजराबाईचा. लेकीची गाडी म्हणून ती दुप्पट जोराने मारत होती. प्रत्येक कमानीत तीन जाड पाटे वाढले. टायर कापून त्याने रबराचे ठोकळे केले आणि आस जिथे आदळायचा तिथे ते बसवले. मग त्या ठोकळ्यांच्या बुडाला ओल्या मातीचे दोन गोळे चिकटवले.

“ह्ये कशाला?”

“तू खोटं बोलशील. माती खोटं बोलायची न्हाई. आस आदळला तर गोळा चेपंल.”

बारा पोती भरून कुशाबा डोंगरातून उतरला तेव्हा दोन्ही गोळे शाबूत होते. वरवर सुकले होते, बोटाचा ठसासुद्धा मोडला नव्हता. गेणबाने ते हातात घेतले, बघितले आणि फेकून दिले. त्याला आनंद झाला असावा. त्याने चहा मागवला.

तक्रार निघाली ती जाताना. रिकामी जीप वर जायची तेव्हा कमान हलायचीच नाही. प्रत्येक दगड सरळ टाळूत चढायचा. कुशाबा सांगायला गेला तेव्हा गेणबा रिकाम्या गाडीचं ते वाक्य बोलला. आणि पुढे म्हणाला, “बारा पोती पेलाया घडवलीया ती. रिकामी न्यायची तर धा-बारा धोंडे टाक म्होटे. भार असला की लवती.”

कुशाबा दोन-चारदा धोंडे टाकून गेला. मग कंटाळला. कंबर त्याचीच होती.

फाल्गुनात ठरल्याप्रमाणे गेणबा आणि गोजराबाई जीपमधून वर गेली. जयाच्या सासरी जेवणं झाली, ओटी भरली. कुशाबाने तोवर कोळशाच्या भट्टीवरून बारा पोती भरून आणली होती. जया पुढे बसेल, आईबाप पोत्यांवर, असं त्याच्या मनात होतं.

गोजराबाईने गाडी बघितली आणि तिथेच थांबली. “ह्ये काय? ओटी भरल्याली लेक माझी कोळशासंगं न्यायची? ती काळी पोती आधी उतरवा. मागं आंथरूण घाला. आडवी पडून येऊ दे पोर.”

“वैनी, पुढं बसल्या की काय…”

“तुझ्या आईला न्हेशील का रं कोळशातनं?”

कुशाबाने गेणबाकडे बघितलं. गेणबा चाकाजवळ वाकला होता. त्याचा तळवा कमानीवर होता. भाराखाली ती छान लवलेली होती. व्याही उभे होते, विहीणबाई उभी होती. जया उंबऱ्यात हसत होती, नव्या हिरव्या लुगड्यात. गेणबाचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तो धोतराला पुसला. ओटी भरलेल्या लेकीच्या आंथरुणाखाली धोंडे घाल, हे व्याह्यांपुढे त्याच्या तोंडून निघेना.

“उतरव, कुशा. सावकास घिऊ.”

पोती उतरली. एकेक पोतं खाली येत होतं आणि गाडीचं मागचं अंग वर वर येत होतं. कुशाबाला ते अजून दिसतं.

सावकाश घेतली त्याने. इतकी, की गेणबा बराच वेळ शेजारून चालत होता. पण दगड सावकाशीला जुमानत नाही. मागे जया आधी हसत होती, “आई गं, काय ही गाडी!” म्हणत होती. पहिल्या ओढ्यानंतर ती गप्प झाली. दुसऱ्या ओढ्यात गोजराबाईने तिला मांडीवर घेतलं. तिसऱ्याच्या अलीकडे जया म्हणाली, “बा, थांबवा.” गेणबाने गाडी थांबवायला लावली. पण माळावर थांबून काय करायचं? मागे वाडी राहिली होती, पुढे पौड होतं. पुन्हा निघाले.

पौडला पोचल्यावर तुळजाबाई सुईण धावत आली. दिवस मावळायच्या आत मूल झालं. मुलगा होता. तो रडला नाही.

जया वाचली. सव्वा महिन्याने नवरा घ्यायला आला, तेव्हा ती जीपकडे न बघता त्याच्यामागून चालत गेली.

गावाने ठरवलं की कुशाबाने गाडी पळवली. चहाच्या दुकानात भिकू त्याच्याशी थट्टा करेनासा झाला. गोजराबाई तर त्याच्या सावलीला उभी राहीना. कुशाबा वाट बघत राहिला, की गेणबा कधीतरी एक शब्द बोलेल. गेणबा बोलला नाही. फक्त एक नवीन गोष्ट करू लागला. सकाळी रिकामी जीप वर निघाली की तो भट्टीतून उठून यायचा, नदीतले मोठे धोंडे एकेक करून मागे ठेवायचा. बारा. मोजून. मग परत ऐरणीपाशी जाऊन बसायचा. लोक म्हणत, लोहाराचं डोकं फिरलं. कुशाबा जागेवर बसून धोंड्यांचे आवाज ऐकायचा आणि बारावा पडला की गाडी चालू करायचा.

वैशाखात एका सकाळी तो नव्या बोल्टांसाठी भट्टीवर गेला. गेणबा फाळ तापवत होता. गोजराबाई भाता ओढता ओढताच बोलली.

“आलास का रं? माझ्या नातवाला खाल्लंस, आता काय ऱ्हायलंय हितं?”

“वैनी, मी पळवली न्हाई.”

“मी आत हुते की! हाडं खिळखिळी झाली माझी. पळवली न्हाई म्हनं!”

“पळवली न्हाई वो! गाडी रिकामी हुती!” कुशाबाचा आवाज फुटला. “बारा पोत्यांची कमान हाय ती. रिकामी असली की लवतच न्हाई. दादा म्हणले हुते मला, रिकामी आणू नगं, धोंडे टाक. इचारा की! त्ये रोज काय टाकत्यात गाडीत? कशापायी टाकत्यात?”

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. गोजराबाई नवऱ्याकडे बघत होती. तिला चिडायचं होतं, तिचं तोंड तसं उघडलंही. मग ते तसंच राहिलं. ती दुसरंच काहीतरी आठवत होती, हे कुशाबाला दिसलं.

“पोती…” ती म्हणाली. “पोती मी उतरवाय लावली.”

गेणबाने फाळ भट्टीत तसाच राहू दिला. दोन महिने तो हेच एक वाक्य घरात येऊ देत नव्हता. त्यासाठी त्याने कुशाबाला गावाच्या तोंडी दिलं होतं, बायकोच्याही तोंडी दिलं होतं. कुशाबाला हे आत्ता, या क्षणी समजलं, आणि आता समजून उपयोग नव्हता.

“तुमाला ठावं हुतं?” गोजराबाईने विचारलं. “ठावं असून मला बोलला न्हाई? तितंच दोन कानाखाली द्यायच्या हुत्या मला…”

फाळ भट्टीत पांढरा पडत चालला होता, ठिणग्या फुटू लागल्या होत्या. तो बाहेर काढायला हवा होता. गेणबाने सांडशी उचलली, बघितली, आणि ऐरणीवर नीट आडवी ठेवली. पागोटं डोक्यावर घेतलं. गोजराबाईच्या बाजूने जाताना त्याचा हात तिच्या खांद्याच्या दिशेने थोडा उठला आणि खाली आला.

बाहेर जीप उभी होती, रिकामी. तो तिच्याजवळ थांबला नाही. नदीच्या वाटेने, धोंड्यांवरून, एकही न उचलता तो चालत गेला.