जिथं सोडलं, तिथंच

देशभरातल्या शाळांना एकच अभ्यासक्रम आणि कोणता धडा कधी याचं एकच वेळापत्रक लागू होणार, ही बातमी आली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चहा गार झाला आणि डोकी तापली. सगळ्यात जास्त माझं. मी चित्रकलेचा मास्तर. नव्या आराखड्यात चित्रकला शेवटच्या पानावर, तीही ‘वेळ उरल्यास’. “उद्या शिंकायचं कधी, तेही वरूनच ठरवतील,” मी म्हणालो. सगळे हसले. गणिताच्या बाई तेवढ्या वह्या तपासत राहिल्या. मुलं त्यांना अपूर्णांकबाई म्हणत, कारण तो धडा आला की त्यांना तहानभूक सुचत नसे.

“तुम्हाला आवडलेलं दिसतंय,” मी खोचकपणे म्हणालो.

“आवडलंय. हे आधी असतं, तर माझा दादा शिकला असता.”

बाईंच्या वडिलांची नोकरी बदलीची. एकदा ऐन वर्षाच्या मध्यात बदली झाली. जुन्या शाळेत अपूर्णांक अजून यायचे होते, नव्या शाळेत होऊन गेले होते. दादानं हात वर केला, तर मास्तर म्हणाले, “ते झालंय. कुणाकडून तरी समजून घे.” नव्या गावात त्याला ओळखत होतं कोण? पोरगं मागच्या बाकावर सरकलं, नापास झालं आणि एक दिवस शाळेऐवजी गॅरेजमध्ये जाऊन बसलं. पुढं स्वतःचं गॅरेज झालं, घर झालं, पण शाळेची पायरी तो पुन्हा चढला नाही. बाई दर स्नेहसंमेलनाला बोलवायच्या आणि दरवर्षी त्याच्याकडे नेमकी एखादी गाडी अडलेली असायची.

“एकदा माझ्या वर्गात येऊन बसावा, एवढंच वाटतं हो,” बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. मला वाईट वाटलं. मत मात्र बदललं नाही.

नवा अभ्यासक्रम सुरू झाला. मग दादाच्या मुलाची आमच्या गावी बदली झाली, तीही वर्षाच्या मध्यात. नातीला सोडायला आलेला दादा फाटकाशीच थांबला. मी तिथंच उभा होतो. बाई लगबगीनं आल्या.

“तुझ्या वर्गात कुठवर आलंय?” त्यानं विचारलं. “हिचे अपूर्णांक अर्धेच झालेत.”

“आमचेही तेवढेच झालेत, दादा. ती सोडून आली, तिथूनच पुढं.”

त्यानं नातीच्या खांद्यावर दप्तर नीट अडकवलं आणि तिला आत पाठवलं.

“आत ये ना. बस तिच्या शेजारी.”

“आता काय बसतोय मी. जा तू, पोरं खोळंबलीत.”

पण तो गेला नाही. वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राहिला, आणि मीही रेंगाळलो. बाईंनी फळ्यावर वर्तुळ काढलं, वाकडंतिकडं. चित्रकला शेवटच्या पानावर टाकली की असंच होणार. त्या नेहमीपेक्षा मोठ्यानं शिकवत होत्या.

“समजलं का सगळ्यांना?” शेवटी त्यांनी विचारलं.

वर्ग एका सुरात “हो” म्हणाला. खिडकीबाहेर दादानं हळूच हात वर केला.

बाईंनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.