नेरूरकरबाईंनी न खाल्लेला पेढा

डॉ. शकुंतला नेरूरकर आणि मी यांची पहिली ओळख एका सुईनं करून दिली. घाटकोपरच्या प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यक म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा बाईंनी माझी प्रमाणपत्रं न उघडताच बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "बाही वर करा." माझं रक्त काढलं, काचेवर पसरलं, रंगवलं आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "या तुमच्या पांढऱ्या पेशी. दुसऱ्याच्या रक्ताला हात लावायचा तर आधी आपलं बघितलेलं असावं." मी दंड चोळत होते, ते त्यांच्या लक्षात आलं. "दुखलं ना? इथं येणाऱ्या प्रत्येक नळीच्या मागे हे दुखणं आहे, एवढं विसरू नका."

आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाचं रक्त असंच निघालं. आजारी रक्ताशी ताडून बघायला निरोगी रक्त लागतं, ते आम्ही आळीपाळीनं एकमेकांचं काढत असू. बाईंची पाळी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येई, कारण दुसऱ्याची पाळीही त्या स्वतःवर घेत. विभागप्रमुखांची पाळी मात्र कधीच आली नाही. त्या दिवशी त्यांना नेमकी मीटिंग असायची.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळानं लेखकांना विनंती केली आहे की प्रसंग आनंदाचा आहे, तेव्हा कटू उल्लेख टाळावेत. मंडळातली माणसं सज्जन आहेत, हेतूही चांगला आहे. पण बाईंच्या साठीनिमित्त लिहायचं आणि कटू टाळायचं, म्हणजे कारल्याची भाजी कारलं वगळून करायची. मला ते जमणार नाही. मंडळानं हा लेख छापला नाही तरी चालेल, पण छापला तर सगळा छापावा.

बाईंच्या कामाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. नाना तऱ्हेचे रोगजंतू ओळखता यावेत म्हणून यांतल्या काही पेशी घडताना आपली ठरावीक जनुकं कापून स्वतःच्या पद्धतीनं जोडून घेतात. त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तात ही जोडणी असंख्य प्रकारची सापडते. रक्ताच्या कर्करोगात अशी एकच पेशी बेफाम वाढत सुटते आणि तिच्या साऱ्या लेकींची जोडणी तंतोतंत एकसारखी असते. ती जनुकं वेगळी काढून क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटवली, की निरोगी रक्तात नसलेला एक जादा काळा पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे रोग.

औषधोपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ वाटणाऱ्या रक्तातही हा पट्टा शोधावा, म्हणजे दडून बसलेला रोग वेळेत कळेल, ही कल्पना बाईंची. आणि त्याही पलीकडे त्यांचा खरा प्रश्न होता: वाढीचा हुकूम देणारं जनुक प्रत्येक पेशीत असतंच, काम झालं की ते गप्प बसवलं जातं, मग या पेशींत ते गप्प का बसत नाही? परदेशातून मागवलेली रसायनं हातात पडेपर्यंत त्यांचा बर्फ वितळलेला असे, वीज कधी जाईल याचा नेम नसे आणि मदतीला आम्ही दोन-तीन पोरी. अशा अवस्थेत बाईंनी हा प्रश्न धरून ठेवला, आणि "हे आपल्याकडे होणार नाही" असं सांगणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी दाराबाहेर काढलं.

आता रमाकांतची गोष्ट. रमाकांत जोगेश्वरीच्या एका कारखान्यात वायरमन होता. विशीतला मुलगा. दहिसरला थोरल्या बहिणीकडे, सुनंदाताईंकडे राहायचा. घराणं मालवणकडचं. रक्ताच्या कर्करोगावरचा त्याचा पहिला उपचार संपला होता, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ दिसत होतं, तरी पुढं बराच काळ औषधं घ्यावी लागतील असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. त्याचं रक्त आमच्याकडे आलं. बाईंनी ओली फिल्म खिडकीशी धरली. पट्टा होता. फिकट, पण होता. बाई स्टुलावर बसल्या.

तेवढ्यात प्रमुख आत आले. फिल्म बघून त्यांनी टाळीच वाजवली. "आला! आला बघा! झकास! ब्यूटिफुल!" लपलेला रोग असा पकडून दाखवणं आमच्या वर्तुळात तोवर कुणाला साधलं नव्हतं, आणि प्रमुखांना समोर परदेशातली परिषद दिसू लागली होती. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर सुनंदाताई निकालाची वाट बघत बसलेल्या होत्या, हे आम्हाला आत ठाऊक नव्हतं.

बाई आणि मी दुसरी फिल्म धुवायला अंधाऱ्या खोलीत गेलो. बाहेर आलो तेव्हा टेबलावर पेढ्यांचा पुडा होता आणि प्रमुखांच्या तोंडात पेढा.

"ती त्या मुलाची बहीण देऊन गेली," ते म्हणाले. "भाऊ बरा झाला म्हणून. बाहेर टाळी ऐकली म्हणे. उद्या गावी निघालेत म्हणे, देवाला नारळ ठेवायला. आता औषधाची कटकट संपली म्हणत होती. घ्या ना, ताजे आहेत."

बाईंनी हातात दिलेला पेढा तसाच धरून विचारलं, "आणि तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"मी काय सांगणार? तिनं विचारलं, चांगलं आहे ना. मी म्हटलं, फार छान निकाल आलाय. आहेच ना छान!"

"तो औषध सोडून जाईल."

"ते वॉर्डातल्या डॉक्टरांनी बघावं. आपण संशोधन करतो, बाई. आणि आपला रिसर्च पेपर छापून येईपर्यंत ही फिल्म या खोलीबाहेर जाणार नाही. एक अक्षरही नाही."

बाईंनी पेढा पुड्यात परत ठेवला, हात धुतले आणि पर्स उचलली. मी विचारलं, "कुठं?" तर म्हणाल्या, "दहिसरला. चला."

निघण्याआधी त्यांनी रमाकांतच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, औषधं थांबता कामा नयेत, पण पेशंट माझ्यासमोर तर यायला हवा! आम्ही दहिसर नदीकडच्या त्यांच्या चाळीत पोचलो तेव्हा ट्रंक भरून तयार होती आणि शेजारपाजारच्या बाया निरोप घ्यायला जमल्या होत्या. सुनंदाताईंनी बाईंना बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "येवा बाय, येवा! माझो भाव बरो झालो!"

प्रयोगशाळेत शुद्ध, घडीव मराठी बोलणाऱ्या आमच्या बाई मटकन खाली सतरंजीवर बसल्या आणि मालवणीत बोलू लागल्या. "नाय गो सुनंदा. अजून बरो नाय झालो. रगतात थोडा उरला हा. औषध बंद केलास तर ता परत येतला."

एका बाईनं रमाकांतकडे डोळ्यांनी खूण केली, त्याच्यासमोर नको म्हणून. तेव्हा रिवाजच तसा होता. आजारी माणसाला सोडून सगळ्यांना सगळं सांगायचं. बाईंनी ती खूण पाहिली आणि मुद्दाम रमाकांतकडेच वळल्या.

"म्हणजे वाट लागली ना, मॅडम?" त्यानं विचारलं.

"वाट लागली असती तर मी दहिसरपर्यंत आले नसते. तू वायरमन ना? बटन बंद केलं तरी दिवा जळतच राहिला तर काय समजतोस?"

"कुणीतरी डायरेक्ट जोडलाय."

"तसंच झालंय. बरेचसे दिवे औषधानं विझवलेत, थोडे अजून जळतायत. ते कसे जोडले गेले हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. पण औषध घेतलंस तर तेही विझायची आशा आहे. खात्री देत नाही. आशा आहे."

सुनंदाताई रडल्या, बाईंवर रागावल्या, मग पुन्हा रडल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ट्रंक रिकामी होईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात रमाकांतला घेऊन सुनंदाताई आल्या, तेव्हा व्हरांड्यात प्रमुख समोर आले. सुनंदाताईंनी त्यांची वाट अडवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "पेढो तोंडात होतो, म्हणान बोलूक गावला नाय काय?" प्रमुखांना मालवणी येत नव्हती, पण प्रश्न त्यांना पुरता कळला.

त्याची किंमत बाईंनी मोजली. निकाल बाहेर फोडल्याचा ठपका ठेवून तो प्रकल्प त्यांच्याकडून काढून घेण्यात आला आणि त्यांची रवानगी मुलुंडच्या एका लहान इस्पितळातल्या कोंदट खोलीत झाली; मदतनीस म्हणून मलाही तिकडेच धाडलं. पेपर थाटात छापून आला. त्यात रमाकांतची फिल्म पानभर होती, वर प्रमुखांचं नाव होतं, आणि ज्यांनी ही कल्पना काढली, ज्यांच्या हातांनी तो पट्टा उमटला, त्या बाईंचं नाव शेवटी, 'तांत्रिक मदतीबद्दल आभार' या ओळीत. ही चोरी होती. तिला दुसरा सभ्य शब्द मराठीत असेल तर संपादक मंडळानं सुचवावा.

बाई स्वतःच्या नावाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. त्या संतापल्या ते एका शब्दावर. पेपरमध्ये रमाकांतच्या रक्ताला 'मटेरियल' म्हटलं होतं. "मटेरियल गोण्यांतून येतं! हा मुलगा बसनं येतो!" असं त्या ओरडल्या तेव्हा इस्पितळातली एक नर्स धावत बघायला आली.

मी त्या भरात राजीनामा लिहून त्यांच्यापुढं ठेवला. बाईंनी तो वाचला, चार तुकडे केले आणि म्हणाल्या, "तुम्ही सोडून जाण्यानं सोय त्यांचीच होते. आपण कशाला त्यांची सोय बघायची? उद्या लवकर या, जनुकं वेगळी काढायला जेल ओतायचं आहे." त्या कोंदट खोलीतच मी जे शिकले ते शिकले. रक्त घेण्यापूर्वी ते कशासाठी हवं आहे हे माणसाला त्याच्या भाषेत सांगायचं, निघालेलं उत्तर त्याला परत जाऊन सांगायचं, आणि तो नाही म्हणाला तर सुई झाकून ठेवायची. नियम साधा आहे. तो पाळणाऱ्या बाईंना 'भावनाप्रधान' म्हणून हिणवणारे आज त्यांच्यावर अग्रलेख लिहिताहेत, हेही नमूद करते.

आणि आता कळस. बाईंच्या सत्कार समारंभाचं अध्यक्षपद कुणाला दिलं आहे? त्याच विभागप्रमुखांना. ते 'शकुंतलाबाईंशी माझे जुने ऋणानुबंध' या विषयावर बोलणार आहेत. रुग्णांना बोलावू नये, समारंभ विद्वानांचा आहे, असंही ठरलं आहे. मी ते मोडलं आहे. रमाकांत आणि सुनंदाताई पहिल्या रांगेत बसणार आहेत. हो, रमाकांत आहे. कामावर जातो, तपासणीला येतो. त्याच्या अलीकडच्या फिल्मवर पट्टा दिसलेला नाही. पुढचं खात्रीनं बाईही सांगत नाहीत, पण तो विचारायला कचरत नाही. अध्यक्षमहाशयांना तो ओळखू येणार नाही, याची मला खात्री आहे. त्याची फिल्म त्यांनी अनेक परिषदांतून पडद्यावर दाखवली आहे, चेहऱ्याकडे मात्र व्हरांड्यात समोर असतानाही पाहिलेलं नाही.

शेवटी शुभेच्छा लिहायच्या, तर मी सुनंदाताईंनाच विचारलं, बाईंना काय चिंतावं? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, "लिव. बायेक शंभर वर्सां आयुष्य गावांदे. तिचा रगात असाच गरम रवांदे, आणि अंगात ताप मात्र कधी येवक नको."