गणपतीच्या कारखान्याची ट्यून

मी संगीत करते असं सांगितलं की रोह्यात लोक आधी विचारतात, गाता का? नाही. मग पेटी वाजवता? तीही नाही. कॉम्प्युटरवर करते म्हटलं की समोरच्याला एकदम हायसं वाटतं. म्हणजे कॉम्प्युटरच करतो सगळं, असं म्हणून तो दुसऱ्या विषयाकडे वळतो. मी धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथेही सगळं यंत्रावरच चालतं, पण तिथे कोणी असं म्हणत नाही. पगार मिळणाऱ्या कामात माणसाचं डोकं लागतं, हौसेच्या कामात लागत नाही, अशी आमच्याकडची ठाम समजूत आहे.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला. त्यावर मी संगीत करायचं एक सॉफ्टवेअर टाकून घेतलं, हातभर लांबीचा एक की-बोर्ड आणि बरे हेडफोन आणले आणि रविवारच्या दुपारी त्यात डोकं घालून बसायला लागले. यजमानांना ऐकवलं की ते मोबाइलवरून नजर न काढता "छान आहे" म्हणतात. आमटीलाही तसंच म्हणतात. त्यामुळे माझं तसं काही अडत नव्हतं.

अडलं ते माझ्या चुलतदिरामुळे. त्यांचा पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. मूर्ती उत्तम असतात, ते नाकारायचं कारण नाही, पण त्या करणारे कारागीर वेगळे. भावोजी ऑफिसात बसतात आणि व्हिडिओ काढतात. एका व्हिडिओला त्यांनी सिनेमातलं गाणं लावलं होतं, तर कॉपीराइटवरून त्याचा आवाजच बंद करून टाकला गेला. म्हणून ते आमच्याकडे जेवायला आले तेव्हा पान वाढून होण्याआधीच म्हणाले, "वहिनी, आपल्याला एकदम ओरिजिनल ट्यून पाहिजे." आणि कशी पाहिजे ते कळावं म्हणून त्यांनी मला तेच सिनेमातलं गाणं ऐकवलं.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण कोणीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि यजमान म्हणाले, घरचाच माणूस आहे, करून टाक.

मी गाडीने पेणला गेले आणि कारखान्यात मोबाइलवर आवाज भरायला लागले. रंगाच्या गनचा फुसकारा, तिला हवा देणारा कॉम्प्रेसर, साचा सुटताना येणारा ओला आवाज. सगळ्यात सुंदर आवाज होता पॉलिश पेपरचा. जवळच्या वाडीवरच्या दोन बायका मूर्तींच्या पाठी घासत बसल्या होत्या. एकीचा हात सलग चालायचा, दुसरीचा मध्येच थांबून परत चालू व्हायचा. मी त्यांना विचारून त्यांच्याजवळ मोबाइल ठेवला. भावोजी दारात येऊन म्हणाले, ट्यून कधी सुरू करणार? हीच सुरुवात आहे म्हटल्यावर ते हसले आणि चहा सांगायला गेले. त्यांच्या ऑफिसात चारी भिंतींवर पुढाऱ्यांबरोबरचे त्यांचे फोटो आहेत. मूर्तीचा एकही नाही.

पुढचे कितीतरी रविवार मी त्या खरखरीवर घालवले. सॉफ्टवेअरला प्रत्येक ठोका आखलेल्या चौकटीत बसवायची फार घाई. एक बटण दाबलं की सगळं सरळ होतं आणि घासणारी बाई नाहीशी होऊन नुसती खरखर उरते. मी ते बटण दाबलं नाही. त्या हाताला जिथे थांबायचं होतं तिथे थांबू दिलं आणि बाकीचे सूर त्याच्या मागून चालवले. खाली कॉम्प्रेसरची घरघर तानपुऱ्यासारखी ठेवली. शेवटी शेवटी एक साधी चाल वर येते, ती माझी. मला ती अजूनही आवडते आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

भावोजींनी ती ऑफिसातल्या मोठ्या स्पीकरवर लावली आणि लगेच त्यांना फोन आला. ते बोलत राहिले, ट्यून वाजत राहिली. बाहेर मात्र घासणाऱ्या दोघींचे हात थांबले.

"ह्यो तर आपला कॉम्प्रेसर हाय गो," पहिली म्हणाली.

"नि ही खरखर माझी."

"तुझी नाय. तू थांबत थांबत घासतेस."

"मग ती थांबतेच हाय ना. नीट ऐक."

ती खरखर दुसरीचीच होती. मी तसं सांगितल्यावर ती पहिलीकडे बघून हसली आणि त्यांनी पुन्हा कामाला हात घातला. त्या ट्यूनवर आजवर झालेली शहाण्यासारखी चर्चा तेवढीच.

फोन संपल्यावर भावोजी म्हणाले, चांगलंय, पण ढोल कुठाय? मी ढोल घातला. मग ताशा पाहिजे झाला. मग शंख. मग वीज कडाडली पाहिजे, कारण देव प्रकट होतो. मूर्ती घासून होते, प्रकट होत नाही, असं मी म्हटलं तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला पब्लिकची नस नाय कळत." ज्या माणसाने माझं काम एकदाही फोन खाली ठेवून ऐकलं नव्हतं तो मला नस शिकवत होता. मी ढोल-ताशा काढून टाकला, मूळ ट्यून परत पाठवली आणि हीच घ्या किंवा राहू द्या असं कळवलं.

त्यांनी राहू दिली. पण व्हिडिओ आला. कुठल्याशा अ‍ॅपवर दोन ओळी लिहून त्यांनी ट्यून बनवून घेतली होती. ढोल, शंख, वीज, सगळं एकावर एक, आणि मध्ये कोणीतरी बाप्पाच्या नावाने भलतेच उच्चार करत गात होतं. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, संगीत: आमच्या रोह्याच्या वहिनी. त्यापुढे माझं पूर्ण नाव.

आता मजा बघा. ज्यांनी मला कधी काय करतेस म्हणून विचारलं नाही ते अभिनंदन करायला लागले. शेजारीण म्हणाली, आत्ता खरं संगीत केलंत. कंपनीत कॅन्टीनमध्ये ती ट्यून लावली गेली. नणंदेने फोन करून सांगितलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही ट्यून माझी नाही असं मी प्रत्येकाला सांगत होते आणि प्रत्येकाला तो माझा विनय वाटत होता.

मी भावोजींना फोन केला आणि नाव काढायला सांगितलं. ते खरोखर दुखावले. तुमचंच तर नाव केलं मी, एवढ्या लोकांपर्यंत पोचवलं, असं म्हणाले. मी म्हटलं, "जे मी केलं नाही त्यावर माझं नाव नको. आजच्या आज काढा." नणंदेच्या मते मी गर्विष्ठ आहे. यजमान म्हणाले, जाऊ दे ना, चांगलंच म्हणतायत लोक. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

नाव निघालं. रिकाम्या जागी भावोजींनी स्वतःचं घातलं. संगीत आणि संकल्पना, दोन्ही.

मग गडब गावच्या एका गणेश मंडळाने त्यांच्याकडून ट्यून करून घेतली. डोलवीच्या कंपनीत कंत्राटं घेणाऱ्या त्यांच्या एका मित्राने मुलाच्या साखरपुड्यासाठी एक मागितली. भावोजी सगळ्यांना देतात, चहा निवेपर्यंत ट्यून तयार असते. यंदा त्या मंडळाने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. घरचा कार्यक्रम म्हणून आम्हीही गेलो होतो. पुढच्या रांगेत बसून यजमान मनापासून टाळ्या वाजवत होते. भावोजींनी भाषणात सांगितलं की संगीत ही कानाची साधना आहे आणि ती घराण्यातच असावी लागते. बोलताना खिशातला त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी घेतला आणि माइक हातात तसाच धरून ते पलीकडच्याला पत्ता समजावत राहिले. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटतं, त्या भाषणातलं तेवढंच त्यांना नीट कळलं.

हल्ली मी आमच्या कुंडलिका नदीच्या पुलाखाली धुणं आपटण्याचे आवाज भरते आहे. धुणाऱ्या बायकांना विचारलेलं आहे, घरी सांगितलेलं नाही.