नाताळाचे पाहुणे

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात मैनावहिनींच्या घरी नाताळाचा सण कधी साजरा होत नसे, पण गणपतीच्या खालोखाल धावपळ असे ती नाताळातच. परसातल्या तीन खोल्या पर्यटकांना द्यायला लागून नऊ वर्षं झाली होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर पडवीसुद्धा रिकामी राहत नसे. लोक समुद्रासाठी येत आणि मैनावहिनींच्या कालवणासाठी परत येत.

यंदाही दहा तारखेपासून अख्खं घर कामाला लागलं होतं. नवरा तुळशीराम होडीवरून आला की अंग न टेकता चुन्याचा ब्रश हातात घेई. मुलगी किशोरी म्हसळ्याच्या कॉलेजातून आली की खिडक्या पुसायला लागे. पाहुण्यांच्या पोरांना आवडते म्हणून तिने दारात कागदाची लाल चांदणीही टांगली. आणि पाहुण्यांचे फोन, कुणाला कुठली खोली, कोण कधी येणार, हे सगळं हितेशकडे. हितेश म्हणजे तुळशीरामचा धाकटा भाऊ. मैना लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा, आईवेगळा. पहिल्याच रात्री तो तिच्या पदराला धरून झोपला होता. त्यामुळे तिला कुणी 'मुलं किती' असं विचारलं, की ती सहज 'दोन' म्हणून जाई.

"या खेपेला किती जण रं?" तिने विचारलं होतं.

"सगळं भरलंय वैनी. तेवीसला दुपारच्या जेवणाला चौदा जण."

वीस तारखेला गाद्या उन्हात टाकायच्या होत्या. कापसाच्या जड गाद्या. एक टोक मैनाने धरलं, दुसरं हितेशने. अकरा गाद्या दोघांनी गच्चीवर चढवल्या. "वैनी, तू दमलीस, जरा बस," असं तो मधेच म्हणालाही.

तेवीसला पहाटेपासून चूल पेटली. सुरमईच्या तुकड्या मसाला लावून ठेवल्या, कोळंबीचं कालवण झालं, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत लागली. एक वाजला. दोन वाजले. हितेश सकाळी "बंदरावरून येतो" म्हणून गेला होता, त्याचा फोन बंद. पाहुण्यांची गाडी कुठे बंद तर पडली नसेल ना, या काळजीने मैनाने किशोरीला ठाण्याच्या जागृतीताईंना फोन लावायला सांगितला. जागृतीताई सात वर्षं दर नाताळात येत.

त्या पलीकडून हसतच बोलल्या, "अगं, आम्ही केव्हाच पोचलो! जेवायलाच बसतोय. आई कुठे आहे तुझी? स्वयंपाकघरात आहे म्हणतात, बाहेर येतच नाही!"

किशोरीने फोन आईच्या हातात दिला. कुठे पोचलात, एवढंच मैनाने विचारलं.

हरिहरेश्वरच्या रस्त्याला नवं रिसॉर्ट झालं होतं. मायलेकी रिक्षाने तिथे पोचल्या. फाटकाशी मोठा फलक होता आणि फलकावर मैना होती. हिरवं लुगडं, हातात परात, तोंडभर हसू. खाली लिहिलं होतं, 'मैनावहिनींच्या हातची चव, आता नव्या जागेत'. तो फोटो गेल्या पाडव्याला हितेशनेच काढला होता. "जरा हस की वैनी," असं तीनदा म्हणून.

ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. कुणी अनोळखी आचारी सुरमई तळत होता. ओट्यावर तिच्याच दोन बरण्या. मुंबईच्या पाहुण्यांनी मसाला मागितलाय, असं सांगून हितेशने दिवाळीनंतर नेलेल्या. हितेश ताटं मोजत उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"वैनी, मी सांगणारच होतो."

"कवा?"

"नाताळ झाल्यावर." तो खाली बघत म्हणाला. "इथं मला भागीदार केलंय. घरी मी कोण हाय? फोन उचलणारा. किती वरसं तसंच राहायचं?"

त्यात खोटं काही नव्हतं, हे मैनालाही कळलं. तिने कधी विचारच केला नव्हता.

"मग मला सांगायचंस."

"तू न्हाय म्हटली असतीस."

"म्हटली असती. भांडली असती, चार दिस बोलली नसती. आन् मग मीच हा मसाला डोक्यावर घेऊन तुला इथं सोडायला आली असती." तिचा आवाज फाटला. "गाद्या कशाला उचलू लागलास रं माझ्यासंगती? तुला तर ठावं होतं, त्यावर कुणी निजणार न्हाय."

आचाऱ्याने गॅस बारीक केला.

मैना तशीच जेवणाच्या दालनात गेली. लोक ओळखून हसले, कुणी हात हलवला. ती म्हणाली, "मी मैना. इथलं जेवण माझ्या हातचं न्हाय. तुम्हाला खोटं सांगितलं. जेवा सावकाश." आणि बाहेर पडली.

तिला वाटलं होतं, सगळे उठतील. जागृतीताई तेवढ्या पिशव्या घेऊन मागोमाग आल्या, डोळे पुसत. बाकीचे राहिले. रिसॉर्टला पोहायचा तलाव होता, पोरं पाण्यात उतरली होती. उरलेलं कालवण, भाकऱ्या किशोरीने कोळीवाड्यात घरोघर वाटल्या. तुळशीरामला कळलं तेव्हा तो होडीकडे गेला आणि जाळं विणत बसला. फलक तिसऱ्या दिवशी उतरला, तोही जागृतीताईंनी मालकाला खडसावल्यावर.

एकतीस तारखेला दुपारी हितेश कपडे न्यायला आला. घरात जागृतीताईंच्या ओळखीने आलेलं एक कुटुंब होतं, किशोरी त्यांना पाणी देत होती. मैनाने त्याचे कपडे धुऊन, घड्या घालून पिशवीत भरून ठेवले होते. ती पिशवी तिने उंबऱ्यावर ठेवली.

"वैनी," तो म्हणाला, "चुकलो मी."

"व्हय," ती म्हणाली.

आत भात निवत होता. वास थेट दारापर्यंत येत होता. तो थोडा वेळ घुटमळला. जेवून जा, हे शब्द तिच्या ओठांवर आले, एवढ्या वर्षांच्या सवयीने. तिने ते गिळले आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.